सोयाबीन खरेदी केंद्राच्या तोंडी मागण्यांवरून औपचारिक स्पेसिफिकेशन: कोणते साधन वापरावे?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. आमचा एक लहान गट लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन खरेदी केंद्रासाठी प्रणाली तयार करत आहे. टोकन, चाळणी आणि ओलाव्याची नोंद, काटा, पावती, गोदामातील थप्पी आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यावर चुकारा, एवढा तिचा आवाका आहे. मागण्या सांगणारे तिघे आहेत: केंद्राचे व्यवस्थापक, ग्रेडर आणि उभे आयुष्य आडत दुकानात काढलेले मुनीम. तिघांचेही सांगणे बहुतांशी तोंडी असते आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतो.

वहीतील काही वाक्ये जशीच्या तशी देतो, कारण प्रश्न त्यांच्यामुळेच पडला आहे.

"ओलावा बारापेक्षा जास्त भरला तर माल घ्यायचा नाही, वाळवून आणला तर घ्यायचा." "काटा झाला की लगेच पावती द्यायची." "एकदा पावती निघाली की तिला कोणी हात लावायचा नाही, पण चूक असेल तर साहेबांनी दुरुस्त करावी." "नोंदणीत जेवढे क्विंटल आहेत त्यापेक्षा जास्त घ्यायचे नाही." "बारदाना संपला असेल तर टोकन बंद."

ऐकताना यांतील एकही वाक्य खटकत नाही. कोड लिहायला बसल्यावर मात्र गटातील प्रत्येकाने निराळा अर्थ लावला, आणि तिसरे वाक्य तर स्वतःशीच भांडते. सध्या आम्ही गर्किन या ठरावीक शब्दांच्या साध्या भाषेत प्रसंग लिहून ते क्युकंबर या चाचणीच्या साधनावर चालवतो. गर्किनच्या भाषांमध्ये मराठीही असल्यामुळे 'जेव्हा' आणि 'मग' असे शब्द वापरून प्रसंग लिहिता येतात आणि ग्रेडरही ते वाचू शकतात, हा मोठा फायदा आहे. परंतु लिहिलेले प्रसंग ठीक चालतात एवढेच त्यातून कळते. जो प्रसंग कोणाला सुचलाच नाही त्यात काय व्हावे, याबद्दल गर्किन मौन पाळते.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, अशा वाक्यांचे गणिती अर्थ असलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये रूपांतर करून त्यातील विसंगती कोड लिहिण्यापूर्वीच दाखवणारे एखादे साधन आमच्यासारख्यांना झेपण्याजोगे आहे काय? ते मोफत असावे, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेल्या डिस्क्रीट गणितापलीकडचे फारसे काही त्यासाठी लागू नये. वहीतील वाक्ये थेट एआय मॉडेलला देऊन स्पेसिफिकेशन लिहून घ्यावे, असे गटातील एकाचे म्हणणे आहे. त्यावरही मत हवे आहे.

वाळूज_फाटा, छत्रपती संभाजीनगर

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रनियंत्रणाचे सॉफ्टवेअर लिहितो. आपले दुसरे आणि पाचवे वाक्य अगदी आमच्या धाटणीचे आहे, म्हणून त्यांच्याबद्दलच बोलतो.

वहीतून थेट गणितात उडी घेऊ नये. मधली पायरी म्हणून ईअर्स ही लेखनपद्धती वापरावी. अॅलिस्टर मेविन आणि रोल्स-रॉइसमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी विमान इंजिनाच्या नियंत्रणप्रणालीच्या मागण्या तपासताना ती बसवली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात मोजके साचे आहेत: कायम लागू असणारी मागणी, एखादी घटना घडल्यावर लागू होणारी, एखादी स्थिती टिकून असेपर्यंत लागू असणारी, एखादी सोय बसवलेली असेल तरच लागू होणारी आणि काही नको ते घडले तर लागू होणारी. प्रत्येक वाक्य यांपैकी एका साच्यात, किंवा दोन साचे जोडून, बसवायचे. यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही, आणि साचे मराठीत करून घेण्यासही काही अडचण नाही.

आता "बारदाना संपला असेल तर टोकन बंद" हे वाक्य घ्या. ते स्थितीच्या साच्यात बसवले तर अर्थ असा होतो की, बारदान्याचा साठा शून्य असताना प्रणालीने नवे टोकन देऊ नये, आणि गाडी येऊन साठा वाढला की टोकन आपोआप सुरू व्हावे. घटनेच्या साच्यात बसवले तर साठा शून्य होताच खिडकी बंद व्हावी एवढेच ठरते. ती पुन्हा कोणी उघडायची हे वाक्य सांगत नाही. आणि दोन्ही अर्थांनी आधीच टोकन घेऊन ट्रॉलीसह रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. साचा निवडायची वेळ येईपर्यंत यातला एकही प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. ईअर्सचा खरा उपयोग हाच आहे.

त्यानंतर फ्रेट पाहावे. नासाच्या एम्स संशोधन केंद्राने तयार केलेले हे मुक्तस्रोत साधन आहे. त्यात फ्रेटिश नावाच्या बांधील इंग्रजीत मागणी लिहायची असते. व्याप्ती, अट, घटक, 'शॅल' हा बंधनवाचक शब्द, वेळ आणि प्रतिसाद अशा तिच्या जागा ठरलेल्या आहेत. मागणी लिहिली की साधन तिचे टेम्पोरल लॉजिकमधील, म्हणजे घटनांचा काळक्रम मांडणाऱ्या तर्कशास्त्रातील, सूत्र तयार करते. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याच मागणीचा अर्थ साध्या इंग्रजी वाक्यांत आणि काळरेषेच्या आकृतीने समोर मांडते. सूत्र वाचता न येणारा माणूसही आकृती पाहून "असे नव्हे" म्हणू शकतो.

आपल्या "लगेच"चे तिथे काय होते ते सांगतो. वेळेच्या जागी फ्रेटमध्ये त्याच क्षणी, पुढच्या क्षणी, अमुक सेकंदांच्या आत, कधीतरी, अमुक होईपर्यंत, अमुक होण्यापूर्वी असे पर्याय आहेत. त्यांतील एक निवडावाच लागतो. "कधीतरी" निवडले तर पावती हंगाम संपताना दिली तरी सूत्र खरेच ठरते. "साठ सेकंदांच्या आत" निवडले तर वीज गेल्यावर काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि आपल्या भागात तो टाळण्यासारखा नाही. मग व्याप्तीच्या जागी "वीजपुरवठा सुरू असताना" असे लिहायचे की वीज आल्यापासून साठ सेकंद मोजायचे, हे मुनिमांना विचारावेच लागते.

अशा मागण्यांचा संच एकत्र पाळता येणे शक्य आहे की नाही, म्हणजे परिसराकडून काहीही आले तरी सर्व मागण्या सांभाळणारी प्रणाली अस्तित्वात असू शकते काय, हेही फ्रेटमधून तपासता येते. माझ्या मते आपल्या गटाने सुरुवात येथूनच करावी.

गोदातीर, नांदेड

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवते. वाळूज_फाटा यांनी ईअर्सबद्दल लिहिलेले पूर्णपणे पटते. फ्रेटबद्दल मात्र मतभेद नोंदवते. फ्रेट हे सेन्सर, झडप, मोटार अशा घटकांच्या वागणुकीसाठी घडवलेले साधन आहे. तिथे चल राशी बहुतेक खरे-खोटे किंवा आकड्यांच्या असतात. आपल्या खरेदी केंद्रात शेतकरी, सातबारा, टोकन, लॉट, पावती आणि त्यांचे परस्परसंबंध हाच गाभा आहे. "एका पावतीवर एकाच शेतकऱ्याचा माल" एवढे साधे विधानही फ्रेटिशमध्ये सरळपणे लिहिता येणार नाही. म्हणून एकच साधन शोधण्याऐवजी वाक्यांची प्रतवारी करावी, असे सुचवते.

पहिले वाक्य तक्त्याचे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या ए-७ विमानातील सॉफ्टवेअरच्या मागण्या नव्याने लिहिताना डेव्हिड पार्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तक्त्यांचा वापर केला, आणि त्यातून पुढे एससीआर ही पद्धत उभी राहिली. तक्त्याला दोन कसोट्या लावायच्या असतात. सर्व शक्यता कोणत्या ना कोणत्या ओळीत आल्या पाहिजेत, आणि एकच शक्यता दोन ओळींत येता कामा नये. या कसोट्या कागदावर लावता येतात, आणि तक्ता मोठा झाला तर झेड-थ्री सारख्या, अटी एकत्र पाळता येतात का हे शोधणाऱ्या मोफत सोडवकाकडून तपासून घेता येतात.

ओलाव्याचा तक्ता मांडून पाहा. मर्यादेइतका किंवा कमी, ही एक ओळ. मर्यादेपेक्षा जास्त, ही दुसरी. आणि ओलावा मोजलाच गेला नाही, ही तिसरी. वहीतील वाक्य या तिसऱ्या ओळीबद्दल काहीच बोलत नाही. "जास्त भरला तर घ्यायचा नाही" या वाक्याचा काटेकोर अर्थ घेतला तर मीटर न लावलेला माल बिनदिक्कत आत येतो, आणि डेटाबेसमध्ये रिकामी राहणारी नोंद म्हणजे नेमकी हीच वाट. त्याशिवाय एका ट्रॉलीतून चार ठिकाणचे नमुने काढले तर सरासरी धरायची की सर्वांत जास्त आकडा, हेही ठरवावे लागेल. वाळवून आणलेल्या मालासाठी जुनेच टोकन चालेल की पुन्हा रांग, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे आणि वाक्यात त्याला जागाच नाही.

आणखी एक गोष्ट. कृपया १२ हा आकडा स्पेसिफिकेशनमध्ये कोरून ठेवू नका. २०२४ च्या खरीप हंगामात हमीभाव खरेदीसाठी केंद्र सरकारने सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, आणि तीही हंगाम सुरू झाल्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. अशा वेळी टोकनाचा दिवस, नमुन्याचा दिवस आणि काट्याचा दिवस यांपैकी कोणत्या दिवसाची मर्यादा लागू, असा प्रश्न येतो. हे तिन्ही दिवस एकच असतील असे गृहीत धरणारी प्रणाली त्या आठवड्यात नक्कीच गोंधळली असती. मर्यादा ही "अमुक दिवसापासून लागू" अशी स्वतंत्र नोंद असावी आणि कोणता दिवस धरायचा हे तक्त्यात स्पष्ट लिहावे.

तिसरे वाक्य, पावतीला हात न लावण्याचे, अलॉय या साधनाला द्यावे. एमआयटीतील डॅनियल जॅक्सन यांच्या गटाचे हे साधन मोफत आहे, आणि २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून काळानुसार होणारे बदलही त्यात सरळ मांडता येतात. आपण वस्तू आणि त्यांचे संबंध लिहायचे, मग "निघालेली पावती कधीही बदलत नाही" असे विधान तपासायला द्यायचे. तीन पावत्या, दोन शेतकरी, दोन कर्मचारी अशा लहान मर्यादेत सर्व शक्यता धुंडाळून अलॉय विधान मोडणारे उदाहरण चित्राने दाखवते. त्या लहान मर्यादेबाहेर सर्व ठीक आहे, याची हमी मात्र मिळत नाही. पण व्यवहारात बहुतेक चुका लहान उदाहरणांतच सापडतात, या भरवशावर हे साधन उभे आहे.

आपल्या वाक्यातील भांडण तिथे पहिल्याच तपासणीत दिसेल. साहेबांनी दुरुस्ती केली की पावती बदलली, म्हणून विधान मोडले. मग दोनच मार्ग उरतात. एक तर जुनी पावती तशीच ठेवून तिचा संदर्भ देणारी नवी दुरुस्तीपावती काढावी, किंवा "चुकारा निघेपर्यंत" अशी मुदत घालावी. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण शेतकऱ्याच्या हातात गेलेला कागद संगणकातल्या दुरुस्तीने परत येत नाही. सर्वसाधारण नियम आणि त्याला अपवाद, अशी रचना कायद्यांत सर्रास असते. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत घडलेली कॅटाला ही भाषा नेमकी याच रचनेसाठी आहे आणि तिच्यात कायद्याच्या मजकुराशेजारीच त्याचा कोड लिहितात. आपण ती वापरावी असे म्हणत नाही, पण मूळ वाक्य आणि त्याचे औपचारिक रूप शेजारीशेजारी ठेवण्याची तिची रीत उचलण्यासारखी आहे.

चौथ्या वाक्यासाठी टीएलए प्लस. केंद्रात दोन काटे असतील तर हे उदाहरण पाहा. एका शेतकऱ्याची नोंदणी २५ क्विंटलची, त्यातले १० आधी घेतलेले, म्हणजे १५ शिल्लक. त्याच्या दोन ट्रॉल्या एकाच वेळी दोन काट्यांवर लागतात आणि प्रत्येकीत ९ क्विंटल आहे. दोन्ही संगणक शिल्लक तपासतात, दोघांनाही १५ दिसतात, दोघेही माल घेतात, आणि एकूण २८ क्विंटल होतात. प्रत्येक संगणकाने आपल्यापुरता नियम पाळलेला असतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही भाषा आणि तिचा टीएलसी हा मॉडेल चेकर अशा एकमेकांत मिसळणाऱ्या पावलांचे सर्व क्रम तपासतो. अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात डायनामोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेतील अशा एका दोषाची हकीकत आहे, ज्याच्यापर्यंत नेणारा सर्वांत लहान मार्गही ३५ पावलांचा होता. आपला दोष तेवढ्या खोलात नाही; तो चार पावलांत सापडेल.

परभणी_रात्रपाळी

एआय मॉडेलचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही, म्हणून लिहितो. मी परभणीहून घरबसल्या काम करतो आणि अशा मॉडेलचा वापर रोजचाच आहे, त्यामुळे त्याला सरसकट नाकारणाऱ्यांतला मी नाही.

बोलीभाषेतून सूत्रे काढण्याचा प्रयत्न जुना आहे. एसआरआय इंटरनॅशनलच्या आर्सेनल या प्रकल्पात वाक्याचे व्याकरण सोडवून त्यातून औपचारिक मॉडेल काढले जाई. झुरिक विद्यापीठातील अटेम्प्टो या बांधील इंग्रजीत तर मुळातच दुहेरी अर्थाला जागा ठेवलेली नाही. भाषिक मॉडेले आल्यावर २०२३ मध्ये एनएल-टू-स्पेक हे साधन आले, आणि त्यातील कल्पना मला सर्वांत उपयोगी वाटते. ते संपूर्ण वाक्याचे एकच सूत्र पुढे टाकून मोकळे होत नाही. वाक्याच्या कोणत्या तुकड्याचा कोणता सूत्रखंड केला, हे ते वेगळे दाखवते, आणि वापरणाऱ्याला नेमका तो तुकडा दुरुस्त करू देते. अॅमेझॉनने २०२५ मध्ये आणलेला किरो हा संपादक तर आपण सांगितलेल्या मजकुरावरून ईअर्सच्या साच्यातील मागण्या तयार करून देतो, म्हणजे वाळूज_फाटा यांची पहिली पायरी तिथे आयती मिळते.

धोका कुठे आहे ते आपल्याच दुसऱ्या वाक्यावरून सांगतो. "काटा झाला की लगेच पावती" हे वाक्य मॉडेलला दिले तर बहुधा "जेव्हा जेव्हा काटा होईल, तेव्हा त्यानंतर पावती निघेल" या अर्थाचे सूत्र मिळेल. व्याकरणाने ते बिनचूक असेल. परंतु आयुष्यभर हिशेब सांभाळलेल्या मुनिमांच्या मनात त्याच वाक्यात दुसरी गोष्टही असते: काट्याशिवाय पावती निघता कामा नये. या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. पहिल्या सूत्राला काट्याविना काढलेल्या शंभर पावत्याही चालतात. गैरव्यवहाराची भीती मात्र दुसऱ्या मागणीत आहे, आणि ती वाक्यात लिहिलेलीच नसल्यामुळे मॉडेल ती आपणहून आणील याचा भरवसा नाही. आणलीच, तर ती मुनिमांची आहे की मॉडेलच्या पदरची, हेही कळणार नाही.

यावर एक जुना उपाय आहे. ड्वायर, अव्रुनिन आणि कॉर्बेट यांनी १९९९ मध्ये ५५५ स्पेसिफिकेशने गोळा करून पाहिली, तेव्हा त्यांतील ९२ टक्के मोजक्याच नमुन्यांत बसली. अमुक कधीच घडू नये, अमुक नेहमी असावे, अमुकानंतर तमुक यावे, अमुकाच्या आधी तमुक झालेले असावे, अशा प्रकारचे ते नमुने आहेत. मॉडेलकडून थेट सूत्र मागू नये. प्रत्येक वाक्यासाठी यांपैकी कोणते नमुने लागू होऊ शकतात तेवढे मागावे आणि प्रत्येक नमुन्याची दोन छोटी उदाहरणे मराठीत मागावीत, एक मागणी पाळणारे आणि एक मोडणारे. निवड मुनिमांनी करावी. नमुना ठरल्यावर सूत्र लिहिणे यांत्रिक काम आहे. त्यासाठी मॉडेलचीही गरज नाही.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. गोदातीर मॅडमनी सुचवलेला ओलाव्याचा तक्ता कागदावर काढून ग्रेडरपुढे ठेवला. "मोजलाच गेला नाही" या ओळीवर बोट ठेवून त्यांनी सांगितले की, असे घडते. मीटर बंद पडले की हातावर घेऊन, दाताखाली फोडून अंदाज केला जातो आणि मागाहून आकडा भरला जातो. ही गोष्ट त्यांनी यापूर्वी कधीच सांगितली नव्हती, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते. आता अंदाजाने घेतलेला माल वेगळ्या थप्पीत लावावा आणि मीटरची नोंद होईपर्यंत त्याची पावती निघू नये, असे व्यवस्थापकांनी ठरवले आहे. नमुन्यांपैकी सर्वांत जास्त आकडा धरायचा की सरासरी, यावर मात्र ग्रेडर आणि मुनीम यांचे एकमत झालेले नाही, आणि तो वाद आमच्यासमोरच रंगला.

दोन शंका राहिल्या आहेत. अलॉयने दाखवलेले चित्र आम्हाला समजते, पण मुनिमांपुढे ठेवता येत नाही. त्यांना बाण आणि चौकोन दाखवून होकार घेणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा घेण्यासारखे वाटते. यावर काय करावे? आणि दुसरी शंका कराराची आहे. उद्या वहीतील मराठी वाक्य आणि आमचे औपचारिक रूप यांत तफावत निघाली, तर कोणते ग्राह्य धरायचे?

गोदातीर, नांदेड

पहिल्या शंकेचे उत्तर आपल्याच हातात आहे, आणि ते म्हणजे आपले गर्किन. अलॉय किंवा टीएलसीने विधान मोडणारे उदाहरण दिले की ते पावलापावलाने मराठी प्रसंगात उतरवावे. वरचे दोन काट्यांचे उदाहरण असे लिहिता येईल: नामदेवरावांची नोंदणी २५ क्विंटलची आहे आणि १० क्विंटल आधी घेतले आहेत, जेव्हा पहिल्या काट्यावर ९ आणि त्याच वेळी दुसऱ्या काट्यावर ९ क्विंटल लागतात, मग काय व्हावे? "मग"च्या पुढची ओळ रिकामी ठेवून मुनिमांना विचारावे. ते म्हणतील, "दुसरी ट्रॉली थांबवा," किंवा म्हणतील, "सहाच क्विंटल घ्या, उरलेले परत." यांतील कोणते उत्तर बरोबर हे साधनाला ठाऊक नसते. साधनाने एवढेच केले की, कोणाला सुचला नसता असा प्रसंग शोधून काढला. आपल्या पहिल्या प्रश्नात गर्किनबद्दल जी तक्रार होती, ती अशा रीतीने दूर होते, आणि तोच प्रसंग पुढे क्युकंबरवर चाचणी म्हणूनही चालतो.

साधन निवडताना मी हीच कसोटी लावीन. त्याने काढलेली त्रुटी मागणी सांगणाऱ्या माणसाला हो किंवा नाही म्हणता येईल अशा भाषेत परत नेता येते काय? सूत्र कितीही देखणे असले तरी ते नेता येत नसेल, तर आपण आपल्याच समजुतीची तपासणी करत बसतो. या कसोटीवर तक्ता सर्वांत वर येतो, फ्रेटची आकृती त्याखाली, अलॉय आणि टीएलए प्लस प्रसंगाच्या मदतीने, आणि नुसते टेम्पोरल लॉजिकचे सूत्र सर्वांत शेवटी. म्हणून तक्त्याने सुटते ते अलॉयकडे नेऊ नये. आपल्या प्रणालीत अलॉयच्या वाट्याला पावती आणि दुरुस्ती, तर टीएलए प्लसच्या वाट्याला केवळ शिल्लक क्विंटल एवढेच येईल असे दिसते. चाळणी आणि थप्पी यांच्यासाठी तर साधे तक्तेच पुरेत. सगळी प्रणाली औपचारिक करण्याचा अट्टहास हंगामापूर्वी पुरा होणार नाही.

ग्रेडर आणि मुनीम यांचा वाद मात्र चालू द्यावा, आणि तो मिटेपर्यंत तक्त्यातील ती ओळ "अनिर्णीत" अशी ठळक लिहावी. तुमच्या गटाने आपल्या मनाने सरासरी धरू नये.

वाळूज_फाटा, छत्रपती संभाजीनगर

दुसऱ्या काट्याचे उदाहरण वाचल्यावर शिल्लक क्विंटलसाठी टीएलए प्लसच योग्य, हे मान्य आहे. वीज गेल्यावरची पावती आणि बारदान्याचे टोकन यांसाठी मात्र फ्रेट वापरून पाहावेच, असे अजूनही म्हणेन.

कराराबद्दल: आमच्याकडे मूळ भाषेतील वाक्यच ग्राह्य धरले जाते, आणि औपचारिक रूप हा त्याचा विकासकाने लावलेला अर्थ मानला जातो. मात्र ते मूळ वाक्य वहीतले पहिले कच्चे वाक्य नसते. तक्ते आणि प्रसंग दाखवून झाल्यावर ईअर्सच्या साच्यात पुन्हा लिहिलेले आणि सांगणाऱ्याने सही केलेले मराठी वाक्य असते. म्हणून प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यावा, आणि फ्रेट, अलॉय, टीएलए प्लस व गर्किन या चारही ठिकाणी तोच क्रमांक वापरावा. फ्रेटमध्ये मागणीचा क्रमांक, तिची वरची मागणी आणि कारण लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. बाकीच्या साधनांत टिप्पणी म्हणून लिहिता येईल. चल राशींची नावे रोमन लिपीत ठेवावीत आणि त्यांच्या मराठी अर्थांची एक यादी शेजारी असावी. त्या यादीवरही सही घ्यावी, कारण "काटा पूर्ण" म्हणजे भरलेल्या ट्रॉलीचे वजन झाले तो क्षण, की रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करून निव्वळ आकडा आला तो क्षण, यावर साठ सेकंदांची मोजणी अवलंबून आहे.